पेव आणि मूस

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मूर्ख धनवानाचा दाखला येतो. मिस्सामध्ये तो आपण अनेकदा ऐकलेला असतो. भरघोस पीक, अपुरी पडणारी कोठारे, ती पाडून मोठी बांधण्याचा बेत आणि त्याच रात्री आलेले बोलावणे, एवढे आपल्या ध्यानात राहते. परंतु प्रभू येशूने हा दाखला कोणत्या निमित्ताने सांगितला, ते सहसा विसरले जाते. गर्दीतला एक माणूस पुढे येतो आणि प्रभूला विनवतो, की माझ्या भावाला वडिलार्जित मालमत्तेतला माझा वाटा मला द्यायला सांगा. प्रभू निवाडा देत नाही. तुमचा वाटणीदार म्हणून मला कोणी नेमले, असे तो उलट विचारतो, लोभापासून सावध राहायला बजावतो आणि मग दाखल्याकडे वळतो. म्हणजे या दाखल्याच्या मुळाशी राजाची तिजोरी नाही की सावकाराची वही नाही. दोन भावांमधली वाटणी आहे. लोभाचा विषय प्रभूने आपल्या उंबरठ्याच्या आत आणून ठेवला आहे.

वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे कुटुंब नगर जिल्ह्यातून मिरजेस आले आणि पुढे शिक्षिका म्हणून माझी सारी हयात सांगलीत गेली. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात हा दाखला सांगताना ‘कोठार’ हा शब्द मुलांना दूरचा वाटे. मग मी त्यांना हरिपूरच्या पेवांची आठवण देत असे आणि दाखला एकदम गावातला होऊन जाई.

सांगलीची बाजारपेठ हळदीची. शहराजवळच, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर वसलेले आहे. तेथली माती अशी, की जमिनीत खोल खड्डा घेतला तरी त्यात ओल शिरत नसे. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण आणि खोली दोन-तीन पुरुष, अशा या खड्ड्यांना पेव म्हणतात. त्यांत भरलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. वरून पाहणाऱ्याला नुसती जमीन दिसायची. लाखमोलाचा माल पायाखाली असायचा. एक दक्षता मात्र कसोशीने पाळली जाई. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागे, नाहीतर उतरणारा गुदमरून मरायचा.

साठवण हे पाप आहे काय, असा प्रश्न एकदा वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारला होता. प्रश्न रास्त होता. भाव पडलेला असताना शेतकऱ्याने आपला माल पेवात ठेवून चार महिने वाट पाहिली, तर त्यात लोभ नाही, शहाणपण आहे. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले म्हणून तर पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात लोक जगले. पवित्र शास्त्र साठवणीला दोष देत नाही. मग त्या धनवानाचे चुकले कोठे? त्याचे बोलणे नीट ऐकावे. तो स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्याच्या साऱ्या बेतात दुसरे माणूसच नाही. कापणी करणारे मजूर नाहीत, बायकामुले नाहीत, दाराशी आलेला भुकेला नाही. योसेफाची कोठारे कोणासाठी तरी होती; याची कोठारे कोणासाठीच नव्हती.

चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बेसिल यांनी याच दाखल्यावर एक प्रवचन केले. तुला कोठारे हवी असतील तर गरिबांची घरे आहेत, तेथे साठव, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. खाऊन उरलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे आहे, असे ते म्हणत. हे नुसते बोलणे नव्हते. त्या प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी धनिकांना कोठारे उघडायला लावली, स्वतःची वडिलार्जित मालमत्ता खर्ची घातली आणि भुकेल्यांना आपल्या हाताने वाढले.

२००५ सालच्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि साठवलेली हळद मोठ्या प्रमाणावर नासली. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती पद्धत त्यानंतर ओसरत गेली. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. तो पूर म्हणजे लोभाची शिक्षा होती, असे कोणी म्हटले तर ते मला मान्य नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून जे मेले ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभूने पुढच्याच अध्यायात स्पष्ट केले आहे. शिवाय पुराचा सर्वांत मोठा फटका पेववाल्यांना बसला नाही. नदीकाठच्या कच्च्या घरांतल्या माणसांना बसला. पुराने एवढेच दाखवले, की कोणतेही पेव पुरेसे खोल नसते.

लोभ ही केवळ श्रीमंतांची व्याधी आहे, असा आपला एक सोयीचा समज असतो. याच हरिपूरशी नाते सांगणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’ या नाटकात कांचनभट नावाचा बाप रंगवला आहे. पैशाच्या आशेने तो आपली कोवळी मुलगी एका जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. कांचनभटाजवळ कांचन नाही, ते फक्त नावात आहे; हाव मात्र पुरेपूर आहे. आपल्या भाषेत एखादी गोष्ट बेसुमार वाढली की तिचे पेव फुटले, असे म्हणतात. हावेचे पेव फुटायला आधी घर भरलेले असावे लागत नाही. किती आहे यावरून लोभ मोजता येत नाही, आणि म्हणून काही नाही यावरून समाधानही मोजता येत नाही.

याचा प्रत्यय मला एका वेगळ्याच धंद्यात आला. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण आणि खटाव, तसेच त्यांना लागून असलेले सांगली जिल्ह्यातले खानापूर आणि आटपाडी, या तालुक्यांत जेमतेम पाचशे मिलिमीटर. सह्याद्रीने केलेली ही पावसाची वाटणी. या कोरड्या माळावरून पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा हाती घेतला. दिल्ली-कोलकात्यापासून केरळ-तामिळनाडूपर्यंत कोणत्याही मोठ्या सराफ पेठेत विटा, खानापूर, आटपाडीकडचा गलाईवाला भेटतो. ज्यांच्या शेतात पाणी नव्हते, त्यांच्या हातात देशाचे सोने आले.

गलाई म्हणजे जुने सोने वितळवून शुद्ध करणे. दागिन्यात तांबे असते, चांदी असते, सांध्यांना दिलेला डाग असतो. शुद्ध सोने हवे असेल तर त्यात आणखी चांदी मिसळून ते मुशीत आटवतात आणि मग नायट्रिक आम्लात शिजवतात. चांदी आणि तांबे आम्लात विरघळतात, सोने तळाशी उरते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा टाकला की ती परत मिळते. या कामात उठणारा तांबूस धूर छातीला घातक असतो. दुसऱ्याच्या लग्नातला झगमगाट कोणाच्या तरी फुप्फुसांतून जाऊन आलेला असतो, हे सराफाच्या काचेसमोर उभे असताना आपल्या मनात येत नाही.

मलाखी संदेष्ट्याने परमेश्वराला चांदी गाळणाऱ्याची उपमा दिली आहे. हा गाळणारा बसलेला असतो, असे तो संदेष्टा सांगतो. गलाईचे दुकान पाहिल्यावर त्या बसण्याचा अर्थ मला उमगला. मूस भट्टीत असताना माणसाला उठून जाता येत नाही. दिवसभर सोने त्याच्या हातातून जाते आणि त्यातला गुंजभरही त्याचा नसतो. जेवढे आले तेवढे शुद्ध करून परत द्यायचे आणि आपली मजुरी घ्यायची. ख्रिस्ती माणसाने संपत्तीकडे मालक म्हणून न पाहता कारभारी म्हणून पाहावे, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. कारभारीपण म्हणजे काय, ते मी त्या दुकानात पाहिले.

आमची आई २०११ साली देवाघरी गेली. तिच्या मागे पाटल्यांची जोडी, एक बोरमाळ, कुड्या आणि गळ्यातली बारीक साखळी एवढे सोने राहिले. सारे मिळून सहा-सात तोळे. आम्ही चार भावंडे, तीन बहिणी आणि एक भाऊ. महिन्याची मिस्सा झाली आणि त्याच संध्याकाळी घरात शब्दाला शब्द लागला. बोरमाळ एक आणि मुली तीन. आईची सेवा कोणी केली, कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, औषधपाण्याचे पैसे कोणी भरले, असे जुने हिशेब वर येऊ लागले. बोरमाळ धाकटीला द्यावी असे माझे म्हणणे होते. पण ‘समान’ या शब्दापुढे कोणाचेच काही चालेना. शेवटी सारे दागिने मोडून, आटवून, चार समान भाग करायचे ठरले.

सांगलीच्या सराफ पेठेतला तो गलाईवाला खानापूरकडचा होता. त्याने सारे दागिने आमच्यादेखत तोलले आणि वजन वहीत लिहिले. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. ती त्याने आधी तापवून काढली. मग टाकणखार घालून सारे मुशीत आटवले. थोड्या वेळाने त्याच्या हातात एक लहानशी पिवळी लगड होती. वजन दीड तोळ्याने कमी भरले. भावाचा चेहरा उतरला. त्याने काही विचारले नाही, पण त्याच्या मनातली शंका सर्वांना दिसली. गलाईवाला रागावला नाही. रिकामी मूस त्याने पुढे केली, काढून ठेवलेली लाख दाखवली आणि शांतपणे म्हणाला, “दादा, जळलं ते सोनं न्हवतं. सोनं जळत न्हाई.”

लगडीचे छिन्नीने चार तुकडे झाले. तराजूत ते अगदी सारखे भरले. पाटल्या कोणत्या आणि कुड्या कोणत्या, हे ओळखणे आता अशक्य होते. बोरमाळ कोणाची, हा प्रश्न भट्टीने निकालात काढला होता, कारण बोरमाळच उरली नव्हती. वाटणी बिनचूक झाली. तरीही परतताना रिक्षात कोणी कोणाशी बोलले नाही. आईच्या गळ्यातली बोरमाळ आता कोणाच्याच गळ्यात असणार नव्हती. प्रभूने त्या माणसाचा वाटणीदार व्हायला नकार का दिला असावा, याचा विचार मी तेव्हापासून करीत आले आहे. न्याय त्याला नको होता असे नव्हे. परंतु गुंजेगुंजेने अचूक वाटणी करून दिली, तरी वाटा मागणाऱ्याच्या मनातली हाव त्या वाटणीने भागणार नव्हती. हक्काचा वाटा मिळणे ही एक गोष्ट आणि समाधान मिळणे ही दुसरी. पहिली तराजूवर होते. दुसरी तराजूवर होत नाही.

सोने स्वतः काहीच ठरवीत नाही. निर्गमाच्या ग्रंथात इस्रायली लोक कानांतली सोन्याची कुंडले काढून देतात आणि अहरोन त्यांचे वासरू ओततो. अवघ्या काही पानांनंतर तेच लोक पवित्र निवासमंडपासाठी आपले दागिने आणून देतात, आणि ते इतके येतात, की आता पुरे, आणू नका, असे मोशेला पुकारावे लागते. लोक तेच आणि सोनेही त्यांचेच. संत पौलाने लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे, त्यामागे हीच जाण असावी. आपल्या ओटीत पडलेल्या सोन्याचे वासरू करायचे की मंडप, एवढेच आपल्या हाती असते.

साताऱ्यात ज्या बाईने आपल्या सोन्याचा मंडप केला, ती ख्रिस्ती नव्हती. जैन कुटुंबातल्या लक्ष्मीबाई पाटील म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे केले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. पैशाची ओढ कायमची. कोठीत दाणा नसेल तेव्हा लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना काढून देत. माहेरचे, सासरचे सोने असे गेले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडावे लागले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्या काळच्या बाईने सौभाग्याचे लेणे गळ्यातून उतरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते तिने किती टाकले म्हणून नव्हे. मागे काय ठेवले, ते पाहून. लक्ष्मीबाईंनी आपला वाटा कोणाकडे मागितला नाही. पंगतीत बसलेली मुले कोणाची, हा प्रश्न त्यांनी मनातून काढून टाकला होता. दुसऱ्याचे मूल परके वाटेनासे झाले, की हावेला उभे राहायला जागा उरत नाही. अंतरीचे समाधान ते हेच, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. समाधानाचा उपदेश फार सहज करता येतो, आणि तो बहुधा भरल्या पोटी माणसे रिकाम्या पोटी माणसांना करतात. उसाच्या हंगामात बीडकडून सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येणारी ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे शेताच्या कडेला कोप्या टाकून राहतात. पहाटेच्या थंडीत तान्हे मूल पाचटावर निजवून कोयता चालवणाऱ्या बाईला, आहे त्यात समाधान मान, असे सांगणे ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. संत याकोबाच्या पत्रात, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करीत आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असे बजावले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या परिपत्रकात कामगाराला कुटुंब जगवता येईल एवढे वेतन मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन केले. त्याच्या शताब्दीला, १९९१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पुष्टी दिली. अधिक चांगले जगावेसे वाटणे यात दोष नाही. आपल्याजवळ काय असावे एवढ्याचाच ध्यास घेऊन, आपण कोण व्हावे हे विसरून जाणे यात दोष आहे, असा त्यांचा आशय होता. समाधान हे दुसऱ्याला वाढायचे पक्वान्न नाही. ते ज्याने त्याने स्वतःच्या ताटातून सुरू करायचे आहे.

संत पौल फिलिप्पैकरांस लिहितो, की आपण कोणत्याही स्थितीत तृप्त असायला शिकलो आहोत. हे त्याने तुरुंगातून लिहिले, हे आपण जाणतो. परंतु त्या वाक्यातले ‘शिकलो’ हे क्रियापद माझ्या मनात घर करून राहिले आहे. संत पौलालासुद्धा ते शिकावे लागले. शिवाय हे शब्द फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेल्या देणगीची पोच देताना लिहिलेले आहेत. त्याने ती नाकारली नाही. आनंदाने स्वीकारली आणि त्यांच्या खाती फळ जमा होत आहे, याचा अधिक आनंद मानला. तृप्त माणूस घेतोही आणि देतोही. त्याची मूठ दोन्ही वेळा सैल असते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज वाटणीचे विषय आहेत. जमिनींना भाव आले आहेत आणि भाऊ भावाशी बोलेनासे झाले आहेत. पवित्र ख्रिस्तशरीर घेण्यासाठी एकाच रांगेत उभे राहणारे दोघे बाहेर आल्यावर वेगवेगळ्या दारांनी जातात. कायद्याने मिळणारा वाटा सोडून द्यावा, असे मी म्हणत नाही. बहिणींचा वाटा बुडवून वर त्यांना समाधानाचे धडे देणारे भाऊही मी पाहिले आहेत. मला एवढेच सुचवावेसे वाटते, की ‘माझे किती’ या प्रश्नाच्या शेजारी ‘कोणासाठी’ हा प्रश्नही मांडावा, आणि तो आईवडील हयात असतानाच, एका ताटाभोवती बसून मांडावा. पेवात उतरण्याआधी कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते, हे हरिपूरच्या माणसांना कोणी प्रवचनातून सांगितले नव्हते.

धाकट्या बहिणीने आपला तुकडा फार दिवस ठेवला नाही. मुलीच्या परिचारिका अभ्यासक्रमाची फी भरायची होती. ती मुलगी आज नोकरीला आहे. रात्रपाळी करून रविवारी सकाळी तशीच मिस्साला येते. भावाने मध्यंतरी मला विचारले, तुझ्या तुकड्याचे काय करणार? ते ठरले आहे. कोणासाठी, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. पण त्याने विचारले, याचे मला बरे वाटले. त्या संध्याकाळनंतर आईच्या सोन्याविषयी आम्ही प्रथमच बोलत होतो आणि आमच्या बोलण्यात वजनाचा उल्लेख नव्हता.